दुसरा गिअर

आमच्याकडे मे महिना हा दुरुस्तीचा. नळे परतायचे, वई बांधायची, गोठ्याच्या पडवीला झापं लावायची, लाकडं माळ्यावर चढवायची, रहाटाला ग्रीस द्यायचं. मुंबईहून सुट्टीवर आलेल्यांना वाटतं, घराचं मोठं काहीतरी काम काढलंय. काम काढलेलं नसतं, ते दर वर्षीच असतं. पाऊस चार महिने घर झिजवतो, खारा वारा उरलेले आठ महिने, आणि मेमध्ये आपण झिजलेलं भरून काढतो. एकदा करून टाकलं की सुटलो, असं इथे कशाचंच नसतं.

गेल्या वर्षी या कामांत आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हेरल्ड गाडीचा गिअरबॉक्स आला.

स्टँडर्ड हेरल्ड ही मद्रासची गाडी. ब्रिटनमध्ये १९५९ साली ट्रायम्फ हेरल्ड निघाली आणि १९६१पासून स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती मद्रासला बांधायला घेतली. तिचा आकार इटलीच्या मिकेलॉत्ती या डिझायनरचा. फियाट, अँबेसेडर आणि ही, एवढ्या तिघींतूनच निवड करायची असा तो काळ होता. आमची १९६९ची, चार दारांची. चार दारांची हेरल्ड भारताबाहेर कुठे निघालीच नाही, त्यामुळे जुन्या गाड्यांचे विलायती शौकीन तिचे फोटो फार कौतुकाने बघतात. पंचवीस फुटांत पूर्ण वळते. आप्पा वकील, त्यांची निम्मी अशिलं अशा वाड्यांमधली, की जिथे गाडी वळवायची तर कुणाच्या तरी खळ्यात शिरावं लागे. हेरल्ड घेण्यामागे ते हेच एक कारण सांगत. आई म्हणते, खरं कारण रंग.

तर दोष असा होता. हर्णैला जाताना दापोली सोडली की आसूदचा उतार लागतो, दोन्ही बाजूंना पोफळी, वळणं एकाला एक चिकटलेली. तिथे दुसरा गिअर टाकून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की खट् आवाज करून दांडी आपोआप न्यूट्रलला यायची. इंजिनाचा अटकाव गेला, गाडी मोकाट, आणि हाताशी उरले साठच्या दशकातले ड्रम ब्रेक. चढावर हाच गिअर शहाण्यासारखा बसून राहायचा. त्याचंही कारण आहे. दुसऱ्या गिअरचे दाते तिरके कापलेले असतात. इंजिन चाकांना ओढत असतं तेव्हा ते दाते गिअरला एका बाजूला रेटतात, आणि उतारावर चाकं इंजिनाला ओढू लागली की बरोबर उलट्या बाजूला. डब्यात कुठे झीज असेल, तर ती या उलट्या रेट्यातच उघडी पडते.

उपाय सांगणारे खूप भेटले. एकाने दांडीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधून तो सीटखाली अडकवायला सांगितला. हा सल्ला हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कोकणातल्या कितीतरी जीपगाड्या अशाच चालल्या आहेत. एका गॅरेजवाल्याने दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा पाच गिअरचा डबा बसवून द्यायची तयारी दाखवली, 'मक्खन चालेल' म्हणाला. चालली असती यात शंका नाही. पण मग गिअरबॉक्सवरच्या, सीटांमधल्या बोगद्याचा पत्रा कापावा लागणार, चासीला नव्या पट्ट्या वेल्ड कराव्या लागणार. २०२१ साली केंद्राने जुन्या गाड्यांसाठी नियम केला. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार मात्र चालत नाहीत. मला ती नोंदणी हवीच होती असं नाही. पण पन्नास वर्षं न कापलेला पत्रा आपल्या हातून कापला जावा, हे मला पटेना. त्यापेक्षा जे झिजलंय ते भरावं.

ते भरणारा माणूस मिळाला हर्णैच्या बंदरात. चाचा बोटींची इंजिनं बांधतात. ट्रॉलरांत ट्रकांची जुनी लेलँड इंजिनं असतात, आणि ती रात्री-अपरात्री बांधून चाचांचा हात असा बसलेला, की चारचाकी गाडीचं काम त्यांना विरंगुळाच वाटावा. अट एकच, काम मे महिन्यात उरकायचं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढल्या की सगळ्यांची इंजिनं एकदमच उघडतात. "बंदी लागली की मी मेलो, ताई. मग एकदम नारळी पौर्णिमेनंतर."

चाचा हवेत याचं आणखी एक कारण होतं, त्यांच्याकडचे सुताचे पाने. हेरल्डचे सगळे बोल्ट इंचातले, आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. साडेतीन सुताच्या बोल्टला अकरा मिलिमीटरचा पाना कसाबसा बसतो. चार सुताच्याला तेराचा ढिला पडतो आणि जोर लावला की कोपरे खातो. साडेचार सुताच्याला चौदा शिरत नाही, पंधरा फिरतो. आधी कुणीतरी तेराचा पाना वापरून गाडीचे निम्मे बोल्ट गोल करून ठेवले होते. चाचांनी एकेका बोल्टवरून अंगठा फिरवला आणि त्या अज्ञात माणसाला मालवणी म्हणाव्यात अशा, पण खास हर्णैच्या, शिव्या घातल्या.

हेरल्डची एक गंमत अशी, की तिचा गिअरबॉक्स उतरवायला गाडीखाली झोपावं लागत नाही. तो आतून, प्रवाशांच्या बाजूने निघतो. पुढच्या सीटा काढल्या, गालिचा गुंडाळला, दांडी काढली, की मधल्या बोगद्याचं झाकण हाती येतं. ते मूळचं दाबलेल्या पुठ्ठ्याचं. इंग्लंडच्या हवेत पुठ्ठा टिकत असेल. आमच्याकडे पंचावन्न पावसाळे प्यायलेल्या त्या पुठ्ठ्याची लापशी झाली होती, हात लावला तिथे थर सुटत होते. मग चाचांनी होड्यांना फायबर मारणारा एक पोरगा आणला. त्याने झाकणाच्या उरल्यासुरल्या आकारावर प्लास्टिकचा कागद टाकला, वर काचेची मॅट आणि रेझिनचे थर चढवले, दुसऱ्या दिवशी कडा घासल्या आणि झाकण दिलं. आता गाडी बुडाली तरी बोगदा तरंगत राहील.

बाकीची उतरवणी सरळ होती. बॅटरीची तार, स्पीडोमीटरची केबल, स्टार्टर. क्लचचा छोटा सिलिंडर नळीसकट बाजूला बांधून ठेवला, म्हणजे ब्रेक ऑइल सांडायला नको. मागच्या चाकांना फिरवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे चार बोल्ट. इंजिनाच्या तळाशी तेलाची जी टाकी (संप) असते तिच्याखाली जॅक आणि त्यावर ऐनाचा ठोकळा, नाहीतर गिअरबॉक्स सुटला की इंजिन मागे कलतं. पाहुणे म्हणत होते, अंगणात एवढा चिरा पडलाय तो लावा की टेकू म्हणून. चिरा भिंतीला चांगला. जांभ्यावर एका बिंदूत भार आला तर तो कधी भुगा होईल त्याचा नेम नाही, आणि गाडीच्या टेकूला तर तो कधीच लावू नये.

शेवटी बेल हाउसिंगचे, म्हणजे डबा इंजिनाला जोडणाऱ्या घंटेसारख्या तोंडाचे बोल्ट. इथे चाचांनी मला पहिल्यांदा दरडावलं. डबा बाहेर ओढताना तो सरळच मागे यायला हवा. पुढचा शाफ्ट क्लच प्लेटच्या मधोमध शिरलेला असतो. मध्येच दमून डबा लटकू दिला, तर त्याचं सगळं वजन प्लेटवर येऊन ती वाकते. माळ्याच्या वाशाला दोर बांधता येईल म्हणून गाडी आधीच पडवीत घेतली होती. दाराच्या काचेतून आत सोडलेल्या दोराला डबा टांगला, चाचांनी मागे घेतला, मी खालून धरला, आणि ओतीव लोखंडाचं ते धूड दारातून बाहेर येऊन आईच्या जुन्या चादरीवर बसलं. आईने विचारलं, "एवढंच?"

चादर अंथरली होती ती धुळीपायी. आमच्या मातीला लाल रंग येतो तो लोहाच्या ऑक्साइडचा, आणि सोनार दागिने चकाकवायला जी लाल भुकटी वापरतात तीही लोहाचं ऑक्साइडच. म्हणजे आपण पॉलिशच्या डब्यातच राहतो. ही धूळ बेअरिंगमध्ये गेली तर ते झिजवल्याशिवाय राहत नाही. म्हणून ठरलं, अंगण झाडायचं ते सकाळी, आणि झाडल्यावर तासभर डब्याला हात लावायचा नाही. रॉकेल आता रेशनवरसुद्धा दिसत नाही, तेव्हा धुणं डिझेलने.

तळाचा बूच काढला तर तेल राखाडी निघालं. उन्हात धरलं की त्यात पिवळे कण चमकत. चाचा म्हणाले, "पितळ. रिंग गेली." डबा अजून उघडलासुद्धा नव्हता.

ती रिंग काय काम करते ते सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिच्याभोवती आहे. गिअर बदलताना वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या दोन गोष्टी एकमेकींत अडकवायच्या असतात. तशाच अडकवल्या तर दाते करकरतात. म्हणून मध्ये पितळेची एक रिंग असते. आतून बारीक चरे पाडलेली, निमुळती, गिअरच्या निमुळत्या पोलादी तोंडावर बसणारी. दांडी ढकलली की आधी ती रिंग घासते आणि दोघांची गती एक करते, आणि ती होईपर्यंत पुढची वाट अडवून धरते. चालत्या एस्टीत चढणारा माणूस आधी बाजूने चार पावलं धावतो, ती चार पावलं म्हणजे ही रिंग. घासून घासून ती झिजते आणि गिअरच्या तोंडावर खोल खोल बसत जाते. नवी असताना रिंग आणि गिअरचं अंग यांत फट असते, फिलर गेजने मोजता येते. आमच्या दुसऱ्या गिअरची रिंग अंगाला टेकली होती. गेजची सगळ्यांत पातळ पातीही आत जाईना.

हेरल्डच्या पहिल्या गिअरला अशी रिंगच नाही. म्हणजे गाडी पूर्ण थांबवून पहिला टाकायचा, नाहीतर डबल क्लच करायचा. क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला एक टिचकी, पुन्हा क्लच, मग पहिला. पहिल्या गिअरचे सरळ दाते चाचांनी फडक्याने पुसले आणि मला दाखवले. कडा कोऱ्या, कुठे टवका नाही. "वकीलसाहेबांनी कधी करकरवला नाय हा. बघा." आप्पांचं मी पाहिलेलं हे पहिलं आणि बहुधा शेवटचं लेखी प्रशस्तिपत्र.

मग वरच्या झाकणातले काटे निघाले. दांडीच्या हुकमाने सरकणाऱ्या तीन सळया असतात, प्रत्येकीला एक काटा, आणि सळई जागेवर धरून ठेवायला स्प्रिंगखाली एकेक छर्रा. सळई ओढली की छर्रा उडतो आणि सरळ पोफळीच्या आळ्यात जातो, म्हणून हे काम झाकणावर फडकं दाबून करायचं. पहिल्या-दुसऱ्याचा काटा चाचांनी बराच वेळ उलटसुलट करून बघितला. त्याची एक बाजू जशीच्या तशी. दुसरी इतकी खाल्लेली, की नखाला पायरी लागत होती.

"साहेब दांडीवर हात ठेवायचे?"

ठेवायचे. उतारावर नेहमी. डावा हात दांडीच्या मुठीवर, उजव्या हातात स्टिअरिंग, कोपर खिडकीत. लहानपणी मागच्या सीटवरून मला ती ऐट वाटायची, आणि मोटार शिकले तेव्हा मीही तसाच हात ठेवायला लागले होते. चाचांनी समजावलं ते असं: काटा फक्त गिअर बदलतानाच टेकावा, एरवी त्याने मोकळं राहावं. हात दांडीवर विसावला की हाताचं वजन सळईतून काट्यावर उतरतं, आणि काटा फिरत्या स्लीव्हला, म्हणजे तो सरकवतो त्या कड्याला, सतत घासत राहतो. तो झिजला की गिअर पुरता आत जात नाही. पुरता आत न गेलेला गिअर निसटतो. निसटतो म्हणून माणूस तो हाताने दाबून धरतो.

घरातल्या ट्रंकेत आप्पांच्या कोर्टाच्या डायऱ्या आहेत. तारखा, अशिलांची नावं, आणि पानांच्या कडेला गाडीच्या नोंदी: तेल बदलले, डावे मागचे पंक्चर, प्लग. त्या रात्री मी एकेक काढून बघत बसले. १९८१च्या एका पानावर, खेडच्या तारखेशेजारी, त्यांच्या आखडत्या अक्षरात सापडलं: 'दु. गि. निसटतो. धरून ठेवावा.' मी तेव्हा शाळेतसुद्धा जात नव्हते. म्हणजे मला आठवतात ते आप्पा सगळे या नोंदीनंतरचे. दापोलीचा आठशे फुटांचा पठारी वारा सोडून जगबुडीच्या काठापर्यंत खाली उतरायचं, आणि संध्याकाळी परत, पंधरा-वीस वर्षं, गिअर हाताने धरून. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय माहीत? मला वाटायचं त्यांना सवयच आहे."

मुंबईच्या भावाला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, मग तेव्हाच दुरुस्त का नाही केला? खर्च, असं मी म्हणाले. पण मला ते तितकंसं पटलेलं नाही. छपराला गळती लागली की त्याखाली आधी पातेलं ठेवायचं, हेही इथलंच.

सुटे भाग ही वेगळी कथा, ती थोडक्यात उरकते. मद्रासचा कारखाना १९८८मध्येच थांबला. मुंबईत ऑपेरा हाऊसकडच्या दुकानांतून बेअरिंगं मिळाली, कारण बेअरिंगला गाडी ठाऊक नसते, त्याच्यावरचा नंबर वाचून दुकानदार काढून देतो. ऑइल सीलही तशीच. पितळी रिंगा आणि लेअर शाफ्ट (डब्याच्या तळाच्या गिअरांचा दांडा) चेन्नईच्या पुदुपेटमधून आणवण्याची खटपट केली आणि शेवटी इंग्लंडहून मागवले. ट्रायम्फचे शौकीन तिकडे एवढे आहेत, की हे भाग अजून नवे बनतात. कस्टम ड्युटी धरून जो आकडा झाला तो आईला सांगितलेला नाही. काटा मात्र नवा घेतला नाही. चाचांनी खाल्लेल्या बाजूवर गॅसने पितळ चढवलं आणि कानशीने घासत घासत, दर चार घासांनी स्लीव्हच्या खाचेत बसवून बघत, मापाला आणला. बोटींचे असेच करतात म्हणे.

जुळवणीत खरं नाजूक काम लेअर शाफ्टचं. डब्याच्या तळाशी गिअरांचा एक अखंड गठ्ठा असतो. त्याच्या दोन्ही टोकांत सुईसारखी सुटी पोलादी रोलर गोल लावायची, प्रत्येक टोकाला दोन डझनांच्या आसपास, आणि त्यांच्या मधून शाफ्ट सारायचा. पण शाफ्ट आधी सारता येत नाही, कारण वरचा मुख्य शाफ्ट आत जाईपर्यंत हा गठ्ठा तळाला पाडून ठेवावा लागतो. त्यावरची युक्ती अशी: लेथवर एक खोटा शाफ्ट कातून घ्यायचा, गठ्ठ्याहून किंचित आखूड. रोलर ग्रीसने चिकटवून त्याच्याभोवती बसवायची. शेवटी खरा शाफ्ट एका टोकाने आत घालत खोट्याला दुसऱ्या टोकाने बाहेर ढकलायचं. दोघांत क्षणाचीही फट पडू द्यायची नाही, नाहीतर एखादी सुई आत निसटते आणि सगळं पहिल्यापासून.

मे महिन्यात दुपारी दोन वाजता ग्रीस रोलर धरत नाही, ते पातळ होऊन ओघळतं. म्हणून ग्रीसचा डबा फ्रीजमध्ये गेला, कोकमाच्या आगळाशेजारी. नवी बेअरिंगं पिशवीत बांधून बर्फाच्या कप्प्यात सुरमईवर, म्हणजे ती किंचित आकसतात. आणि रिकामा डबा अंगणात उन्हात, म्हणजे तो फुगतो. ऊन असं कामाला लावलं की हातोडी फारशी लागत नाही. सकाळी सहाला, गारवा होता तेव्हा, मी चिमट्याने रोलर लावायला बसले. एकेक सुई ग्रीसमध्ये बुडवून शेजारणीला टेकवायची. शेवटचीला जागा उरत नाहीशी वाटते, नखाने हलकं दाबलं की बाकीच्या किंचित सरकल्यासारख्या होतात आणि ती बसते. बसली की गोल बंद होतो आणि मग एकही हलत नाही.

मुख्य शाफ्टवर एक सर्क्लिप, म्हणजे भाग जागेवर अडकवणारी स्प्रिंगची कडी असते, ती चढवायला कंपनीचं खास हत्यार लागतं. ते कुठून आणणार? चाचांनी पाइपचा तुकडा घेतला, करवतीने त्याला तीन बोटं पाडली, कडा घासल्या, आणि सर्क्लिप एका ठोक्यात खाचेत. ते हत्यार आता आमच्या घरी खुंटीवर आहे.

तेलाबद्दल एक सूचना, कुणी हे वाचून स्वतः करायला घेणार असेल तर. नव्वद नंबरचं गिअर ऑइल म्हणून दुकानदार जीएल-५ दर्जाचं देतो, भारीचं म्हणून. ते घेऊ नये. त्यातली रसायनं गरम झाली की पितळेला चावतात. पितळी रिंगांच्या डब्याला जीएल-४च.

डबा चढवला आणि बोट किनाऱ्याला लागायच्या आत चाचा मोकळे झाले. पहिली फेरी आसूदचीच. मी चालवत होते, चाचा शेजारी. पोफळीची बाग सुरू झाली, दुसरा टाकला, पाय उचलला. इंजिनाने गाडी धरली.

"हात काढा, ताई."

माझा डावा हात मुठीवर होता. काढला. पुढच्या वळणाला पुन्हा तिथेच गेला, आणि चाचांनी या वेळी तोंडाने न सांगता मनगटावर चापट मारली. गिअर जागचा हलला नाही. खाली बंदरापर्यंत तसाच.

बंदरात गाडी लावून चाचा वाकले आणि बोगद्याच्या बाजूचा चासीचा आडवा हात बोटाने टोकरू लागले. गंजाचे पापुद्रे निघाले, मग बोट आत गेलं. हा पत्रा कापून नवा वेल्ड करायला लागणार, दोन्ही बाजूंचा. कधी, म्हणून विचारलं. त्यांनी वर ओढायला निघालेल्या बोटींकडे हात केला, म्हणाले पौर्णिमेनंतर या, आणि येताना पत्रा सोळा गेजचा आणा, दुकानदार अठराचा, पातळ देईल, घेऊ नका.